कंडक्टरच्या घशातलं हाड

नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी दारव्ह्याला उतरले तेव्हा त्याला अजून बराच अवकाश होता. जीपवाल्याने नेहमीच्या जागी, आठवडी बाजाराच्या तोंडाशी सोडलं. बाजाराचा दिवस नव्हता. रिकाम्या ओट्यांवर कुत्री पसरली होती. मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. एकीच्या पाठीवरचे केस गेलेले, एकाच्या कानाची कड माश्यांनी खाल्लेली, आणि एक पिवळी म्हातारी कुत्री उठून जागा बदलताना मागच्या पायावर भार देत नव्हती. बाकी सगळं ठीक होतं. भटकी कुत्री जितकी ठीक असतात तितकं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना होता. जाऊन पाहावं असं काही ठरवलं नव्हतं, पण पाय तिकडेच वळले. दवाखान्याच्या जागी आता लग्नाच्या शेरवान्या भाड्याने देणारं दुकान आहे. जिथे माझं तपासायचं टेबल होतं तिथे फेटा बांधलेला एक पुतळा उभा आहे, मोत्यांची माळ घातलेला. दुकानदाराने विचारलं, "कोनासाठी पाह्यजे ताई, नवरदेवासाठी का करवल्यासाठी?" मी म्हटलं, नुसतं पाहते. त्याने पंखा लावला. आतून नव्या जरीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मी उगीचच त्याच्या खाली दुसरा वास शोधत राहिले.

माझ्याआधी ते एका धान्यवाल्याचं गोदाम होतं. मी जागा घेतली तेव्हा भिंतींना सोयाबीनचा कोंदट, तेलकट वास होता. मग त्यावर फिनाईलचा बसला, स्पिरिटचा बसला, ओल्या कुत्र्याचा बसला. पावसाळ्यात हे सगळे वास एकमेकांत कालवले जायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या ओढणीला यायचे. त्या वासाची मला लाज वाटत नव्हती आणि फारसा अभिमानही नव्हता. मी तेव्हा तरुण होते, पदवी नवी होती, आणि गावात कुत्र्यांसाठी वेगळा दवाखाना असतो हे लोकांना पटायचं होतं. जनावरांचा डॉक्टर म्हणजे बैल, गाय, फार तर शेळी. पहिल्या महिन्यात एक आडत्या दारात उभा राहून हसला होता. "कुत्र्याले सलाईन? आता माणसानं कोठी जावं?" पुढच्या हिवाळ्यात तोच आडत्या सदऱ्यात गुंडाळलेलं पिल्लू घेऊन आला. सलाईनची बाटली हातात उंच धरून तो दुपारभर उभा होता. स्टँड होता, तरी त्याने बाटली त्याला अडकवू दिली नाही.

शेजारी शोभाताईंचं शिवणाचं दुकान होतं. त्या ब्लाउज शिवायच्या. कुत्र्यांना त्या घाबरायच्या, आणि तरीही दिवसातून दहादा माझ्या दारात यायच्या. कुत्र्याचं तोंड बांधायला मला कापडाच्या पट्ट्या लागत. शोभाताईंनी कातरणांची एक पिशवीच माझ्याकडे टांगून ठेवली होती. त्यामुळे माझ्याकडची कुत्री कधी मोरपंखी काठाने तोंड बांधलेली असायची, कधी राणी रंगाच्या खणाने. एखादी बाई स्वतःच्या ब्लाउजचा तुकडा भलत्याच कुत्र्याच्या तोंडाला ओळखायची आणि शोभाताईंकडे पाहायची. शोभाताई मशीनवर मान खाली घालून हसायच्या.

तिथे ऋतू कॅलेंडरवर पाहावे लागत नसत. पावसाळा गोचिडांचा. कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या घडीत राखाडी टपोऱ्या गोचिडी. चिमट्याने ओढून वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकल्या की बारीकसा टप असा आवाज यायचा. ज्यांच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या असत त्यांना टेबलावर, बाकीच्यांना पायरीवर. मग जखमांत पडलेल्या अळ्या. टर्पेंटाईनचा बोळा धरला की आतल्या अळ्या वर यायच्या, आणि कुत्रा इतका निमूट उभा राहायचा की वाटावं, त्याला कळतंय. त्याला काय कळायचं ते मला माहीत नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोटं बिघडलेली कुत्री. बैलांबरोबर त्यांनीही पुरणपोळी खाल्लेली असायची. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी एका मुलीने आणलेल्या पिल्लाच्या पोटातून लाकडी बैलाची बेगड निघाली होती, सोनेरी, जशीच्या तशी.

तुरीला शेंगा धरल्या की शेतातली कुत्री यायची. डुकरांमागे धावून पोट फाटलेली. क्वचित एखादं असं, ज्याने रानडुकरासाठी कणकेत ठेवलेला गावठी बॉम्ब तोंडात धरलेला असायचा. त्यांच्यासाठी फारसं करता यायचं नाही. ते कुत्रं आणणारा माणूस फडक्याने त्याचं तोंड झाकून आणायचा आणि फडकं काढताना दुसरीकडे पाहायचा.

आणि हिवाळा पिल्लांचा. पिल्लांचा म्हणजे पार्व्होचा, रक्ताच्या जुलाबांचा. त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. गोडसर, कुजका, लोखंडासारखा. दार उघडायच्या आत कळायचं, बाहेर काय आलं आहे. गोणपाटावर पिल्लं निजवलेली, पायाला निळ्या सुया, आणि शेजारी बसलेली माणसं एकमेकांशी दबक्या आवाजात बोलत, खऱ्या इस्पितळात बोलतात तशी. बाहेर "दिग्रस, दिग्रस, दिग्रस" असा जीपवाल्यांचा पुकारा चालू असे. जे पिल्लू वाचायचं ते सकाळी मान उचलायचं आणि पहिल्यांदा पाण्याच्या वाटीकडे नाही, माणसाकडे पाहायचं. जे वाचायचं नाही त्याच्या गोणपाटाची घडी मालक स्वतःच घालायचा. मी कधी कोणाचं सांत्वन केलं नाही. हात धुवायची आणि पुढचं कुत्रं घ्यायची. लोकांना त्याचं वाईट वाटलं असेल असं तेव्हा वाटत नव्हतं, आताही वाटत नाही.

सुखदेव काका पहिल्यांदा आले ते असेच, गोचिडांसाठी. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पुण्याला कंपनीत. गावाच्या कडेला, दिग्रसच्या रस्त्याला, टिनाचं छप्पर असलेलं घर होतं. बरोबर तपकिरी रंगाचा, छातीवर पांढरा ठिपका असलेला गावठी कुत्रा. मी नाव विचारलं.

"कंडक्टर," ते म्हणाले.

शोभाताई दारात हसल्या. काका हसले नाहीत.

"ड्रायव्हरले कंडक्टर लागतेच ना, ताई."

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी झरी जामणीकडच्या मुक्कामी गाडीवर काढली होती. संध्याकाळी शेवटच्या खेड्यात गाडी लावायची, तिथेच झोपायचं, आणि पहाटे परत निघायचं. एका हिवाळ्यात हे पिल्लू इंजिनाच्या उबेला गाडीखाली येऊन निजायला लागलं. काका सकाळी गाडी काढायच्या आधी वाकून पाहायचे, आहे का खाली. एक दिवस खाली नव्हतं. दार उघडलं तर पायरीवर चढून बसलेलं. "मी त्याले म्हटलं, उतर. थो उतरलाच नाई. मंग घंटी मारली अन निघालो." हे ते सगळ्यांना सांगायचे, ह्याच शब्दांत.

त्यानंतर ते अधूनमधून येत राहिले. कधी कानाला, कधी पायात रुतलेल्या काट्याला. कंडक्टर टेबलावर स्वतःहून उडी मारायचा. त्याचं तोंड मला कधीच बांधावं लागलं नाही. एका वर्षीची लस मात्र चुकली. का चुकली हे आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायला लागल्या होत्या आणि गल्लीत कापसाची तुसं उडत होती. ती माझ्या टेबलावर बसायची, औषधांच्या बाटल्यांवर बसायची, शोभाताईंच्या केसांत बसायची. दुपारी एक ऑटो दारात थांबला. सुखदेव काका कंडक्टरला मांडीवर घेऊन उतरले. त्यांच्या शर्टाचा पुढचा भाग लाळेने भिजला होता.

"म्याडम, याच्या घशात हाड अटकलं," ते म्हणाले. "काल शेजाऱ्यानं मटनाची हाडं टाकलती. तवापासून तोंड मिटूनच नाई राह्यला."

"पाणी पितो का?"

"पाण्यात तोंड घालते, पन घोट उतरत नाई. मी हात घालून पाह्यलं. पुरा घशापरेंत. मले काई लागलं नाई. तुमी बत्ती लावून पाहा."

घशात हाड अडकलं म्हणून येणारी कुत्री बहुतेक वेळा खरोखरच हाड घेऊन येतात. कोंबडीचं, बोकडाचं, एकदा तर निंबाची काडी टाळूत आडवी बसलेली. मी हातमोजे घातले, काकांना टॉर्च धरायला दिला आणि पाहिलं. जीभ बाहेर लोंबत होती, टोकाला कोरडी पडलेली. घसा रिकामा होता. दाढांच्या मागे, जिभेच्या खाली, टाळूवर, कुठेच काही नव्हतं. मी खालचा जबडा वर उचलून धरला तेव्हा तोंड मिटलं. हात काढला की जबडा पुन्हा खाली आला, सैल बिजागरीच्या फळीसारखा.

"भुंकतो का?" मी विचारलं.

"भुंकते. पन आवाज बदलला त्याचा. घोगरा झाला. हाडामुळंच असंन."

मी हात बाहेर काढला. अंगठ्यावरचा हातमोजा दाताला लागून फाटला होता, आणि खाली एक बारीक ओरखडा होता. शेजारचं शिवणयंत्र थांबलं. शोभाताई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहून पुढे आल्या नाहीत.

मी नळाखाली साबणाने बराच वेळ हात धुतला. मग काकांना म्हटलं, "तुम्हीही धुवा. कोपरापर्यंत." त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर दातांच्या रेघा होत्या, ताज्या, लाल. त्यांनी हात धुतले, रुमालाने पुसले, आणि मग विचारलं, "हाड दिसलं का?"

"हाड नाही काका." आणि मग जे सांगायचं ते सांगितलं.

ते ऐकत होते. टॉर्च अजून त्यांच्या हातात होता, चालूच.

"पिसाळलं म्हनता तुमी?"

"तसंच वाटतंय."

"पिसाळलेलं कुत्रं मानसाच्या अंगावर धावते म्याडम. मी पाह्यलं हाये. हा पाहा. शेपटी हालवून राह्यला."

कंडक्टर खरोखरच शेपटी हलवत होता. टेबलाच्या पत्र्यावर तिचा आवाज येत होता.

"सगळे धावत नाहीत," मी म्हटलं. "काही असे गप्प होतात."

"नाई. हाडच हाये. खोल गेलं असंन. आपन यवतमाळले नेऊन फोटो काढू."

मी त्यांना सांगितलं की फोटोत काही दिसणार नाही. कुत्र्याला घरी वेगळं, पक्कं बांधा, त्याच्या जवळ जाऊ नका, आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन सुया सुरू करा. त्याच्या तोंडाची लाळ तुमच्या हातावरच्या ओरखड्यांत गेली आहे, आणि हा आजार माणसाला झाला तर त्यावर इलाज नाही. हे सगळं मी एका सुरात सांगितलं. मला तसंच सांगता येतं.

"मी कायले घेऊ सुई?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "सुई घेतली म्हंजे झालंच ना. सुखदेवचा कुत्रा पिसाळला म्हनून गावभर होईन. अन मंग लोक काय करतात थे तुमाले मालूम हाये. बांधलेल्यालेबी सोडत नाईत. काठ्या घेऊन येतात." मग म्हणाले, "माह्या घरात कोनी त्याले पिसाळला म्हननार नाई."

शोभाताई काही बोलायला गेल्या, मी मान हलवून त्यांना थांबवलं.

जे खरं होतं तेच मी बोलले. त्यांना अंगठा दाखवला. "माझाही हातमोजा फाटला काका. मला आज जावंच लागेल. तुम्ही बरोबर येता का?"

त्यांनी माझा अंगठा पाहिला, टॉर्च लावून, जवळून. मग टॉर्च बंद केला.

"तुमाले लागलं माह्या कुत्र्यापायी?"

"थोडंसं."

"मंग चला," ते म्हणाले. "एकलं कायले जाता."

आधी आम्ही कंडक्टरला घरी नेलं. मागच्या अंगणात लाकडांसाठी केलेली टिनाची खोली होती, तिथे त्याला साखळीने बांधलं, पाणी ठेवलं, दाराला कडी घातली. काकांनी कडीला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मग आम्ही त्याच ऑटोने सरकारी दवाखान्यात गेलो.

दवाखान्याचा व्हरांडा लांब होता. एका बाजूला बाळांना डोस द्यायला आलेल्या बाया, दुसऱ्या बाजूला बाक. भिंतीला खालून हिरवा रंग, डोकी टेकून टेकून काळा पडलेला. आत सिस्टर बसल्या होत्या.

"चावलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. लाळ लागली आणि दातांचे ओरखडे आहेत. दोघांनाही," मी म्हटलं.

"कुत्रं पिसाळलेलं होतं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"आजारी आहे," मी म्हटलं. "त्या आजारासारखंच धरून द्या."

सिस्टरनी मान वर करून पाहिलं, पण पुन्हा विचारलं नाही. काकांनी बाही वर केली. "मलेबी देऊन टाका," ते म्हणाले, "याईच्या संगं." ओरखड्यांभोवती टोचतात ती सुई दुखते. काका वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. मी कॉलेजात असतानाच ही लस घेतलेली होती, त्यामुळे माझी थोडक्यात सुटका होती. त्यांना मात्र पूर्ण क्रम घ्यायचा होता, महिनाभराचा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. समोरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पत्नीचा फोटो, दोन्हीला ताजी फुलं. काका अंगणात, टिनाच्या खोलीपासून अंतर ठेवून, खुर्ची टाकून बसले होते. मी सांगितलं होतं तितकं अंतर. दाराच्या फटीतून कंडक्टर दिसत होता. पाण्याची वाटी तशीच भरलेली होती, त्यात लाळेची तार तरंगत होती. काका त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते मी लांबून ऐकलं. गावांची नावं होती ती, एकामागून एक, गाडीच्या थांब्यांची. कंडक्टरचे कान त्या नावांनी हलत होते.

त्याच्या पुढल्या दिवशी कान हलले नाहीत. मागचे पाय गेले होते. श्वासाचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

काका खुर्चीवरून उठले. "हाड नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"मंग देऊन टाका त्याले सुई."

मी दुहेरी हातमोजे घातले, जाड कापडाने त्याचं डोकं झाकलं आणि सुई दिली. काकांनी त्याला हात लावायचा नव्हता. ते दारात उभे राहून "चाल, चाल बापा" म्हणत होते, श्वास थांबेपर्यंत आणि त्यानंतरही जरा वेळ. दिग्रस रस्त्याला त्यांच्या भावाचं शेत होतं. तिथे बांधाच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा खणवून घेतला होता. खाली चुना टाकला, वर चुना टाकला. शेतात बाया कापूस वेचत होत्या. काय पुरताय असं एकीने लांबून विचारलं. काका म्हणाले, "म्हातारा होता. गेला."

माझ्या सुया लवकरच संपल्या. काकांच्या बाकी होत्या. त्यांच्या ठरल्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जाऊन बाकावर बसायची. ते येणार नाहीत असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आणि ते दर वेळी आले. "तुमच्या किती राह्यल्या?" ते विचारायचे. मी म्हणायची, आहेत थोड्या. मग पाळी येईपर्यंत ते बोलत. कंडक्टरबद्दल नाही. मुक्कामाच्या गावांबद्दल. तिथे रात्री कोलाम आदिवासींच्या पोडावरून, त्यांच्या वस्तीवरून, ढोलाचा आवाज यायचा, गाडीच्या टपावर मोहाची फुलं पडायची आणि सकाळी सगळी गाडी गोड वास मारायची. एक बाई रोज पहाटे चुलीवरचं गरम पाणी बादलीने आणून द्यायची, आंघोळीला, आणि तिचं नाव त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. धुक्यात समोरचं दिसत नसलं की ते खिडकीतून हात बाहेर काढून चालवायचे. का ते सांगता येत नाही, म्हणाले, पण हात बाहेर असला की रस्ता कळतो.

व्हरांड्यात बाळं रडत असायची. स्पिरिटचा वास यायचा, माझ्या दवाखान्यातल्यासारखाच, फक्त त्याच्या खाली कुत्र्याचा वास नव्हता. पाळी आली की काका उठून आत जायचे आणि बाही खाली करत बाहेर यायचे. शेवटच्या दिवशी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. ते रस्त्याच्या त्या बाजूने गेले, मी ह्या बाजूने.

त्यानंतर त्यांनी कुत्रा पाळला नाही. माझ्या दवाखान्यात येण्याचं कारणच उरलं नाही. पुढे मी यवतमाळला आले. दारव्ह्यातला दवाखाना का बंद केला त्यात सांगण्यासारखं काही नाही. शोभाताई मुलीकडे अमरावतीला गेल्या. आता यवतमाळमध्येच लोहाऱ्याच्या बाजूला माझा मोठा दवाखाना आहे, काचेच्या दाराचा. तिथे लॅब्रेडॉर येतात, लांब केसांची विदेशी कुत्री येतात, उन्हाळ्यात धापा टाकत. लोक आधी मोबाईलवर व्हिडिओ पाठवतात आणि मग फोन करतात. सगळं सुरळीत आहे. फक्त त्या दवाखान्याला कसलाच वास नाही.

शेरवान्यांच्या दुकानातून बाहेर पडले तेव्हाही साखरपुड्याला वेळ होता. ऑटोवाल्याला दिग्रस रस्ता सांगितला.

टिनाच्या जागी आता स्लॅब आहे. काका दारापुढच्या खाटेवर बसले होते, डोळ्यांना काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शर्ट पांढराच होता. मी "काका" म्हटलं आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"म्याडम आल्या का? या, बसा."

चहा त्यांनी स्वतःच केला, भिंतीला हात लावत लावत आत जाऊन. मी उठले तर म्हणाले, बसा, मले सवय हाये. मुलगा पुण्यातच आहे. नात इंजिनिअर झाली. गुडघे धरतात. झरीकडची मुक्कामी गाडी बंद झाली असं कोणीतरी सांगितलं, खरं का? मी म्हटलं, मला माहीत नाही.

मग ते म्हणाले, "तुमच्या सुया तं पैलेच झाल्या होत्या ना तवा?"

मी कप खाली ठेवला.

"सिस्टर बोललती मले. दुसऱ्याच टायमाले."

"मग तेव्हा म्हणाला नाहीत काही?"

"कायले म्हनू? मंग तुमी आल्याच नसत्या."

रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ते थांबले. ड्रायव्हर माणूस, दुसऱ्या गाडीच्या आवाजात बोलत नसे.

"एक इचारू?" ते म्हणाले.

"विचारा."

"कंडक्टर पिसाळलाच होता ना?"

हा शब्द त्या दुपारनंतर त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"हो काका."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, बऱ्याच वेळा. डाव्या हाताने उजव्या हाताची पाठ चोळली. तिथे आता काहीच दिसत नव्हतं, फक्त म्हातारपणाचे डाग.

"तरी चावला नाई मले," ते म्हणाले. "पुरा हात घातलता मी त्याच्या तोंडात. एथपरेंत. पिसाळला होता तरी चावला नाई."

त्या आजारात जबड्याचे स्नायू लुळे पडतात. कुत्र्याला नुसतं तोंडही मिटता येत नाही, चावणं तर दूरच. हे मी आजवर कितीतरी जणांना समजावून सांगितलं आहे, कागदावर जबड्याचं चित्र काढून.

काका वाट पाहत होते.

"नाही चावला," मी म्हटलं.